जुनी पॅलिओ घेऊन ऑटोक्रॉसला उतरायचंय? आधी हे वाचा, मग पैसे काढा

माझ्याकडे २००३ची फियाट पॅलिओ १.६ आहे, एमएच-३२ पासिंग. आर्वीकडच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये चार वर्षं सरकीच्या धुळीत उभी होती, बोनेट उघडलं तर बॅटरीच्या बाजूला उंदरानं रुईचं घरटं केलं होतं. ५५ हजारात घेतली. घरी आणली तेव्हा आई म्हणे, "एवढ्यात दुभती म्हैस आली असती ना रे." खरं होतं तिचं, पण आता गाडी आली होती.

त्यानंतर दीड वर्षात मी एवढ्या चुका केल्या की त्या पैशात दुसरी पॅलिओ आली असती. खेड्यात बसून जुनी इटालियन गाडी रेसला तयार करणाऱ्याला मराठीत सांगणारं कोणी नाही, मेकॅनिक म्हणतो विकून टाक, व्हिडिओवाले म्हणतात टर्बो लाव. म्हणून जे मी केलं, ज्या क्रमानं करायला पायजे होतं त्या क्रमानं लिहितो. माझा क्रम बरोबर उलटा होता, मी एक्झॉस्टपासून सुरू केलं.

ऑटोक्रॉस म्हणजे काय ते एका दमात सांगतो. मोकळ्या मैदानात कोन (रस्त्याच्या कामावर ठेवतात ते प्लॅस्टिकचे शंकू) लावून ट्रॅक आखतात, एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. कोन पाडला की सेकंद वाढतात, वाट चुकली की रन बाद. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा खेळ आहे, म्हणून जुनी गाडी चालते.

१. गाडी कोणती घ्यायची

पॅलिओ आपल्याकडे २००१ मध्ये आली. दोन पेट्रोल इंजिनं डोक्यात ठेवा. १.२ म्हणजे १२४२ सीसी, ८ व्हॉल्व्हचं फायर इंजिन, साधं, सहनशील, कोणताही मेकॅनिक उघडू शकतो. १.६ म्हणजे १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि पेट्रोल अशी पिते की पंपावालं पोट्टं आपल्याला नावानं ओळखायला लागते. नवख्यानं १.२ घ्यावी असं माझं मत, मी स्वतः १.६ घेतली ती निव्वळ हौस.

डिझाइनचं एक गमतीचं: पहिली पॅलिओ इटलीच्या ज्या आय.डी.ई.ए. स्टुडिओनं काढली त्यांनीच आपली टाटा इंडिका पण काढली, आणि आपल्याकडे आलेल्या पॅलिओचा चेहरा इटालियन डिझायनर जुजारोचा आहे. मित्र "इंडिकाची बहीण" म्हणून चिडवतात ते अगदीच खोटं नाही.

सिएना, पेट्रा, सिएना वीकेंड ही पॅलिओचीच भावंडं. भंगारात पॅलिओ नाही सापडली तर या शोधा, बरेच पार्ट बसतात. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि आजही पार्ट शोधत शेवटी कुर्ल्याच्या भंगार बाजारातच फोन जातो.

घेताना काय बघायचं: बॅटरीखालचा पत्रा, दरवाज्याखालचा सिल, स्पेअर व्हीलचा खड्डा, इथे गंज असेल तर सोडा. किल्ली दोन आहेत का? फियाट कोडवाली (चोरीपासून लॉक असलेली) गाडी असेल तर किल्ली, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि कोड बॉक्स एकमेकांना ओळखतात, नुसता भंगारातला ईसीयू आणून लावला तर गाडी सुरू होत नाही, घ्यायचा तर किल्लीसकट पूर्ण सेट घ्या. मी नुसता ईसीयू आणला होता, तो आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.

२. कागदं

कंटाळवाणं आहे पण इथेच माणूस अडकतो. आरसीवर बोजा चढलेला आहे का ते आधी बघा. माझ्या गाडीवर वीस वर्षं जुन्या कर्जाची नोंद तशीच होती, कर्ज कधीच फिटलं होतं पण फॉर्म ३५ कोणी भरला नव्हता, आणि ज्या कंपनीनं कर्ज दिलं तिचं जिल्ह्यातलं ऑफिस केव्हाच बंद. तीन महिने गेले माझे. तर ही यादी:

- नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसीसाठी फॉर्म २८
- १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन संपतं, मग फॉर्म २५ भरून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. २० वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरण फी २०२५ मध्ये १०,००० झाली. गाडीचा भाव ठरवताना हा खर्च धरा, आणि जाण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर चालू आकडा बघून घ्या
- पीयूसी, आणि निदान थर्ड पार्टी विमा
- तुमचं लायसन्स, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, ब्लड ग्रुप, पासपोर्ट फोटो
- एफएमएससीआयचं कॉम्पिटिशन लायसन्स. देशातल्या मोटरस्पोर्टचं काम हे फेडरेशन बघते. इव्हेंटला यांची परवानगी आहे का ते एन्ट्री फी भरायच्या आधी विचारा
- १८ खाली असाल तर आईवडिलांचं संमतीपत्र

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडीत बदल चालणार नाही, म्हणजे ज्या गाडीवर तुम्ही दूध पोचवता त्याच गाडीत रोल केज (आतला लोखंडी पिंजरा) अन मोठं इंजिन टाकून रस्त्यावर फिरता येत नाही. खाली मी जे सांगतोय त्यातलं बहुतेक दुरुस्ती आणि देखभालीतच मोडते, मुद्दाम तसंच ठेवलंय. दोन, तुमच्या गाडीच्या विम्यात रेसिंग बसत नाही, पॉलिसीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. मैदानात जे फुटेल ते तुमच्या खिशातून.

आणि समृद्धीवर जाऊन "जरा टेस्ट" करायची नाही. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, कैद पण होऊ शकते. वरून तिथलं काँक्रीट मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं असतं अन तुमचे टायर असतात २०१४चे.

३. घरी काय सामान पायजे

टॉर्क रेंच, दोन जॅक स्टँड, टायर प्रेशर गेज चांगलं, हवेची पाय-पंप किंवा छोटा कॉम्प्रेसर, सुतळी नव्हे तर गवंड्याची नायलॉन दोरी, ओळंबा, स्टीलची पट्टी, ब्रेक ब्लीड करायला (ऑइलमधली हवा काढायला) पारदर्शक नळी अन रिकामी बाटली, आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, काय बदललं, कधी, किती पैसे, टायम किती आला. जॅकवर उभ्या गाडीखाली घुसू नका, स्टँड नसतील तर सागाचे ओंडके ठेवा, पण नुसत्या जॅकच्या भरोशावर नाही.

४. आधी गाडी ठीक करा, फास्ट नंतर

टायमिंग बेल्ट. जुनी गाडी घेतली की पहिलं काम हेच, आधीचा मालक "आत्ताच टाकला" म्हणाला तरी. मला पण असंच सांगितलं, तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं वरचं कव्हर काढून टॉर्च मारला अन म्हणे, "भाऊ, पट्टा एकदम चकाचक दिसते, कायले पैशे घालता." तिसऱ्या आठवड्यात पुलगावच्या रस्त्यावर टप्प झाला. १६ व्हॉल्व्हच्या १.६ मध्ये बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, माझे आठ व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं, २८ हजार. रबर दिसायला चांगलं असतं अन आतून वयानं मेलेलं असतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच टाका, मजुरी एकच लागते. आणि १.६ च्या दोन्ही कॅमशाफ्टना लॉक करायचं टूल लागतं, खडूची खूण करून अंदाजे बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

थर्मोस्टॅट. आपल्याकडे ४५ डिग्री होते म्हणून मेकॅनिक सरळ थर्मोस्टॅट काढून फेकतात, "आपल्या वऱ्हाडात याची गरजच नाही." गरज आहे. तो नसला की इंजिन बरोबर तापमानाला टिकत नाही, ईसीयूला वाटते गाडी अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त फेकतो, प्लग काळे होतात, अन तुम्ही म्हणता पिकअप नाही. थर्मोस्टॅट नवा टाका, रेडिएटरच्या पट्ट्यांमधला रुईचा कचरा मागून पुढे हळू पाण्यानं काढा, कूलंट अन डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. बोअरचं पाणी भरू नका, आपल्याकडचं पाणी किती खारं आहे ते घरच्या माठावरचा पांढरा थर बघा.

पेट्रोलचे पाइप. पंपावर आता ई-२० मिळते, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २००३च्या रबरानं ते कधी पाहिलेलंच नाही. पाइप फुगतात, चिरतात, पेट्रोल गळतं अन जवळच तापलेला मॅनिफोल्ड. इथेनॉल सोसणारे पाइप टाका, फिल्टर बदला, आणि गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका.

एवढं झालं, नवे प्लग, स्वच्छ थ्रॉटल बॉडी, इंजिन ऑइल झालं की एक चक्कर मारून या. मला तर वाटलं कोणी इंजिनच बदललं. पैसे लावून "पॉवर" वाढवायच्या आधी जी पॉवर कंपनीनं दिली होती ती परत आणा.

५. कोन फिल्टर लावू नका

माझं भांडण या एका गोष्टीशी आहे. कंपनीच्या एअर फिल्टरच्या जागी ते लाल-निळं उघडं, शंकूसारखं कोन फिल्टर लावलं की आवाज मस्त येतो, तेवढंच येतं. ते बोनेटखालची गरम हवा ओढतं, गरम हवा विरळ, म्हणजे पॉवर उलटी कमी. आणि आपली धूळ साधी धूळ नाही, तूर काढायच्या दिवसात हवेत कुटार उडते, मुरमाच्या ट्रॅकवर पुढच्या गाडीनं उडवलेली लाल पूड अर्धा तास बसत नाही. ती पूड सिलिंडरमध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. कंपनीचा बंद डबा, कागदी फिल्टर, आणि त्याची बाहेरची हवा ओढणारी नळी तुटली असेल तर ती बसवा. दर इव्हेंटला फिल्टर काढून झटका. एवढंच.

६. टायर अन व्हील

पैसे एकाच जागी घालायचे असतील तर इथे घाला. गाडी जमिनीला चार तळहाताएवढ्या जागेत टेकते, बाकी सगळी गोष्ट त्याच्या वर.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचं रबर कडक होते, नक्षी कितीही खोल दिसो. "भाऊ, अजून किलोमीटर चालतेत" म्हणून माझ्या गळ्यात कोणी सेकंडहँड सेट मारला होता, कोड बघितला तर तो टायर माझ्या पुतण्याहून मोठा.

साइझ दारावरच्या स्टिकरची बघा. १७५/६५ आर१४ च्या जागी १८५/६० आर१४ चालतो, दोघांच्या उंचीत पाच-सहा मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर अन गिअरिंग जवळपास तेच राहते. त्याहून रुंद घेऊ नका, मातीवर रुंद टायर तरंगते.

आता सगळ्यात मोठा सापळा. पॅलिओच्या व्हीलचं पीसीडी ४ बाय ९८ आहे, म्हणजे चार बोल्टची भोकं ९८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. बाजारातले बहुतेक अलॉय ४ बाय १००. दुकानदार म्हणतो, दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसले, बसून जाते. बसते खरं, कारण पॅलिओला नट नाही बोल्ट असतात अन ते जोर लावला की थोडे तिरपे जातात. मग एक बोल्ट सरळ, तीन वाकडे, व्हील सेंटरवर नाही, ६० ला स्टिअरिंग थरथरते अन एक दिवस बोल्टचं मुंडकं तुटते. भंगारातल्या सिएना-पेट्राचे लोखंडी व्हील घ्या, ट्रूइंग करून (वाकलेलं सरळ करून) घ्या, रंग मारा. मातीत अलॉय तडकते, लोखंडी वाकते अन हातोडीनं सरळ होते.

प्रेशर कसं ठरवायचं हे मला एका पोट्ट्यानं शिकवलं, अन याला पाच पैसेही लागत नाहीत. त्यानं खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, बोटावर चुना घेतला, अन पुढच्या टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आरपार बोटभर रेघ ओढली. तीन ठिकाणी. मी एक रन मारून आलो. चुना टायरच्या बाजूवर पार खालपर्यंत घासला गेला होता. "पाह्यलं का भाऊ, टायर वाकून बगलेवर चालून राह्यला. दोन पाउंड वाढव." टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोणाची खूण असते, चुना त्या त्रिकोणापर्यंत घासला पायजे. त्याच्या खाली गेला तर हवा कमी, तिथपर्यंत पोचलाच नाही तर हवा जास्त. टायर थंड असताना मोजा, कारण सकाळी आठला भरलेलं प्रेशर दुपारी दर पाच-सहा डिग्रीला एक पीएसआयच्या हिशोबानं वर चढते. मी मुरमावर पुढे ३० अन मागे ३४ नं सुरू करतो, मागचं जास्त ठेवलं की गाडीचं बूड जरा सुटते अन वळायला सोपं जाते. तुमचा आकडा तुमच्या चुन्यानं काढा.

७. ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम, तेवढं पुरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत राहते अन मग लवकर उकळते. नवं डॉट ३ ग्रेडचं ऑइल निदान २०५ डिग्रीपर्यंत टिकते, डॉट ४ निदान २३०, पण ओलावा शिरल्यावर हेच आकडे १४० अन १५५ वर येतात. म्हणून डॉट ४ टाका अन वर्षाला बदला, पारदर्शक नळीतून बुडबुडे बंद होऊन ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत ब्लीड करा. चांगल्या कंपनीचे पॅड, मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट, अन हँडब्रेकची केबल. हँडब्रेक विसरू नका, एका ट्रॅकवर कोनाभोवती पूर्ण गिरकी होती अन माझी केबल नुसती नावाला होती, मी त्या कोनाला प्रदक्षिणा घालत बसलो अन लोक हसत होते.

८. बुश, माउंट आणि दोरीवरची अलाइनमेंट

वीस वर्षांत रबराचं बिस्कीट होते. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंट, लिंक रॉड, इंजिनचे माउंट, हे सगळे टाकले तर माझे मजुरीसकट ११ हजार गेले. गिअर टाकताना दांडी नाचते ना, त्यातलं बरंचसं इंजिन माउंटमुळे असते. शॉकअप कंपनीच्या दर्जाचे नवे घ्या. स्प्रिंग कापू नका! गॅसनं कापली की पोलादाचं पाणी म्हणजे कडकपणा उतरते, ग्राइंडरनं कापली तरी उडीवर स्प्रिंग जागा सोडते. आणि मातीत गाडी खाली करून तुम्हाला करायचं काय आहे, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर फोडायचं?

आता अलाइनमेंट. ही घरी होते अन नीट होते. सारवलेल्या अंगणात नाही, ग्रामपंचायतीच्या सिमेंट रोडवर किंवा खळ्याच्या फरशीवर, जिथे जागा सपाट असेल. स्टिअरिंग सरळ करून बांधा. गाडीच्या दोन्ही बाजूनं व्हीलच्या मध्याच्या उंचीवर, पुढे-मागे खुंट्या ठोकून किंवा स्टँड ठेवून दोरी ताणा. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे अन मागे सारखंच पायजे, आणि गाडी दोन दोऱ्यांच्या बरोबर मधात. आता पट्टी घ्या, दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत मोजा, मग मागच्या कडेपर्यंत. पुढचं अंतर जास्त असेल तर व्हील आत वळलेलं, म्हणजे टो-इन. कमी असेल तर टो-आउट. टाय रॉडचा लॉकनट ढिला करून दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. प्रत्येक वेळी फिरवल्यावर गाडी ढकलून सात-आठ फूट पुढे न्या अन मग मोजा, नाही तर टायर जमिनीला पीळ देऊन बसलेला असतो अन आकडा खोटा येतो. हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी एक पूर्ण रविवार घालवला, आकडा दरवेळी वेगळा, शेजारचे काका ओट्यावरून बघत होते, शेवटी म्हणाले, "बाबू, बैलगाडी बरी होती."

मी पुढे दर बाजूला एक मिलिमीटर टो-आउट ठेवतो, गाडी चटकन तोंड वळवते. रोज रस्त्यावर चालवायची असेल तर कंपनीचाच आकडा ठेवा, नाही तर टायर आतून खाते. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती झुकलंय ते. त्यासाठी ओळंबा टायरच्या वरून सोडा अन रिमच्या वरच्या अन खालच्या कडेचं अंतर मोजा, १४ इंची रिमला साधारण साडेसहा मिलिमीटर फरक म्हणजे एक डिग्री. दोन बाजूंत मोठा फरक आला तर स्ट्रट किंवा आर्म वाकलेला आहे, कुठल्यातरी खड्ड्याची आठवण.

९. वजन, धर्मकाट्यावर

गाडी टनभराची आहे. १०० हॉर्सपॉवरच्या टनभर गाडीतून ५० किलो काढणं म्हणजे जवळपास पाच हॉर्सपॉवर वाढवणं, अन फुकटात. कापसाच्या सीझनला जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहा, आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, पुढे किती अन मागे किती ते कळते. काट्यावाल्या मुनीमनं मला विचारलं, "कापूस कुठी हाये?"

स्पेअर, जॅक, डिक्कीतला कचरा, मॅट, स्पीकरचे डबे काढा. मागची सीट काढायची की नाही ते इव्हेंटच्या नियमात बघा, काही क्लासमध्ये चालत नाही. पेट्रोल पाव टाकी ठेवा, लिटरमागे पाऊण किलो धरा. पण त्याहून कमी नको, वळणावर पेट्रोल एका बाजूला जाते अन पंप हवा ओढतो. एसी काढू नका. एप्रिलमध्ये घरून मैदानापर्यंत ९० किलोमीटर याच गाडीनं जायचं असते, मी एकदा काढला होता, पोचेपर्यंत माझंच वजन दोन किलो कमी झालं असेल.

१०. इंजिन

हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप), रिमॅप (ईसीयूचा प्रोग्राम बदलणं), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट बदलणं). बिनटर्बोच्या इंजिनात रिमॅपनं हाताला लागेल एवढं काही येत नाही. सायलेन्सर कापला तर नुसता आवाज, वर पीयूसीची अन पोलिसाची कटकट. ज्या दिवशी तुमचे टायम दोन रनमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत यायला लागतील त्या दिवशी याच्यावर पैसे घाला, माझे अजून येत नाहीत.

११. सेफ्टी अन स्क्रुटिनी

मैदानात पहिले गाडी तपासतात. पहिल्यांदा मला बॅटरीसाठी परत पाठवलं होतं, ती सायकलच्या ट्यूबनं बांधली होती! बॅटरी क्लॅम्पनं घट्ट, टो हुक जागेवर, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर झटकन परत येणारा, कुठेही गळती नाही, केबिनमध्ये सुटी वस्तू नाही, पाण्याची बाटली सुद्धा. फायर एक्स्टिंग्विशर बोल्टनं बसवलेला, हाताला येईल असा. हेल्मेट कोणत्या मार्कचं चालते ते नियमावलीत असते, ते वाचून मगच घ्या.

आणि हार्नेसचा नाद. चार-सहा पट्ट्यांचा बेल्ट साध्या फरशीला साध्या वॉशरवर ठोकला तर धक्क्यात पत्र्यासकट उखडून येतो. बकेट सीट अन नीट अँकर नसेल तर कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्टच बरा. गाडीतला साधा बेल्ट ओढून लॉक करून बसायची सवय लावा.

१२. सराव

यासाठी ट्रॅक नको. बरड जमीन शोधा, काळ्या रानात जाऊ नका, उन्हाळ्यात तिथे एवढ्या भेगा पडतात की चाक अर्धं आत जाते. आधी पूर्ण वावर पायी फिरा, धुरा कुठे आहे, गोटा कुठे, अन मुख्य म्हणजे कठडा नसलेली विहीर कुठे. मालकाला विचारा, गुरं-लेकरं दूर ठेवायला एक माणूस उभा करा. युरियाच्या रिकाम्या पोत्यांत कुटार भरून कोन करा, लागलं तरी गाडीला काही होत नाही. पंधरा-पंधरा मीटरवर सहा पोती, नागमोडी जा, शेवटच्याला वळसा, परत. पुतण्याच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच.

ब्रेक सरळ रेषेत संपवा, मग वळा. पुढून ओढणारी गाडी आहे, वळणाच्या मधात ब्रेक अन अ‍ॅक्सिलरेटर एकदम कराल तर ती सरळच जाईल, नाक कोनात. पहिल्या दिवशी मी सहापैकी चार पोती फोडली, अंगणभर कुटार घेऊन घरी आलो. तिसऱ्या रविवारी ३१ सेकंदाचा फेरा २७ वर आला, तेवढ्यात गाडीला एक नट पण बदललेला नव्हता.

१३. इव्हेंटहून परत आल्यावर

व्हील बोल्ट परत टॉर्क रेंचनं बघा, एअर फिल्टर झटका, ऑइल-कूलंटची लेव्हल, ब्रेक पॅड, खालचे बुश. पाऊस येऊन गेला असेल अन गाडी काळ्या मातीतून आली असेल तर त्याच दिवशी धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. गेल्या दिवाळीनंतर मी नाही धुतली. चौथ्या दिवशी वर्ध्याला जाताना ७० ला स्टिअरिंग असं हलायला लागलं की मला वाटलं रॅक गेला. दुकानात अलाइनमेंट केली, बॅलन्सिंगला व्हील चढवलं तर मशीनवर आकडाच थांबेना, पोऱ्यानं व्हील उलटं केलं, रिमच्या आत एका बाजूला दोन बोटं जाड काळी माती, सिमेंटसारखी वाळलेली. त्यानं अलाइनमेंटचे पैसे घेतलेच, अन मला खुरपं दिलं.